नागपूरकरांची पिशवी

१

"आई, शाकाहारी एक ताट कमी झालंय. अठराचं सतरा," कल्पिता खोबरं किसता किसता म्हणाली.

"काल अठरा, आज सतरा. दुपारपर्यंत पंधरा होतील आणि जेवायला वीस बसतील," सगुणाबाई घरत सुनेला म्हणाल्या. समोर टोपलीभर कोळंबी होती. सकाळचे पावणेसात. साठ शिकलेली माणसं आज त्यांच्या नागावच्या वाडीत जेवणार होती, आणि शिकलेल्या माणसांना भूक जास्त लागते हे सगुणाबाईंचं पक्कं मत होतं. त्या स्वतः दुसरीपर्यंत गेल्या होत्या. तिसरीत मिठागराने नेलं.

तेवढ्यात गौरी दारात आली. समुद्रावरून आलेली, पावलांना वाळू तशीच, तोंड पांढरंफटक.

"सगुणाबाई, माझी लाल वही खोलीत नाही."

सगुणाबाईंच्या हातातली कोळंबी टोपलीत पडली. ती वही काय होती ते घरच्यांपैकी त्यांनाच ठाऊक होतं.

गौरी गद्रे राज्यशास्त्राची प्राध्यापक. वीस वर्षं ती रायगडच्या किनाऱ्यावर गावोगाव हिंडून बायका सरपंचांना एकच गोष्ट विचारत आली होती. खुर्चीत बसलात तुम्ही, पण कारभार केला कोणी? दोनशे बारा बायकांनी तिला खरं सांगितलं. अट एकच, नाव बाहेर जाता कामा नये. म्हणून उत्तरं कॉम्प्युटरमध्ये नुसत्या नंबराखाली ठेवलेली. कोणता नंबर कोणाचा, ते फक्त त्या लाल वहीत, हाताने लिहिलेलं. आज तिच्या परिषदेत ती सगळी उत्तरं छापलेली पुस्तिका पाहुण्यांना वाटायची होती. पुस्तिकेत उत्तरं, वहीत नावं. दोन्ही एका हातात पडली, की दोनशे बारा घरांत आग.

"दहाला पिशव्या वाटायच्या आहेत," गौरी म्हणाली. "वही मिळाली नाही तर पुस्तिका वाटणार नाही. परिषद नाही, काही नाही. वीस वर्षांचं काम समुद्रात. आणि त्यानेही काय होणार? आयोजकांना पुस्तिका कालच दिली आहे."

"वही शेवटची कधी बघितलीस?"

"साडेपाचला. भाषण पाठ करायला किनाऱ्यावर गेले तेव्हा उशाशी होती. आत्ता नाही."

साडेपाचला फाटक सगुणाबाईंनीच उघडून दिलं होतं आणि पुन्हा कुलूप लावलं होतं. आत्ता पावणेसातला त्यांनीच ते काढलं. चावी मधल्या वेळात त्यांच्या कमरेला. म्हणजे वही आतल्याच कोणीतरी घेतली, आणि ती अजून आतच होती.

आत सहा माणसं. गौरी, दोघी सासूसुना, आणि आदल्या दिवशी मुक्कामाला आलेले तीन आयोजक. बाकीचे पाहुणे बोटीने मांडव्याला उतरून दहापर्यंत यायचे होते.

गौरीने सगुणाबाईंकडे बघितलं. क्षणभरच, पण बघितलं. कारण त्या वहीत सत्तेचाळीस नंबरापुढे नाव होतं, सगुणा घरत.

२

बारा वर्षांमागे सगुणाबाई गावच्या सरपंच होत्या. उपसरपंचाची निवड गुप्त मतदानाने झाली. सदस्य नऊ. त्यांचा धाकटा दीर हिरामण उभा होता. त्याला चार मतं पडली, समोरच्याला पाच. एका मताने गेला. घात आपल्या जिवाभावाच्या दोस्ताने, रंगूने केला, असं हिरामणने धरलं, आणि त्या दिवसापासून तो रंगूच्या सावलीला उभा राहिला नाही.

ते मत सगुणाबाईंचं होतं. हिरामण उपसरपंच झाला असता तर सही वहिनीची आणि शिक्का दिराच्या खिशात, हे त्यांना लख्ख दिसत होतं. हे त्यांनी जन्मात एकाच माणसाला सांगितलं, गौरीला. आणि आज हिरामणच मांडव घालायला येणार होता.

ओटीवर तिघे जमले होते. श्रेयस, गौरीचा जुना विद्यार्थी, आता मुंबईत कंपनी चालवायचा. कोणत्या आळीची मतं कुठे जातात ते पक्षांना सांगायचं, हा धंदा. अमिषा, गौरीच्या हाताखाली पीएचडी करणारी. पिशव्या, नावांच्या याद्या, जेवणाचे आकडे, सगळं तिच्याकडे. आणि विश्वंभर लेले सर, श्रीवर्धनकडचे, सत्तरीचे, परिषदेचे अध्यक्ष. बायका सरपंचांवर महाराष्ट्रातलं पहिलं पुस्तक यांचं. काल जेवताना अमिषाने पाण्याचा पेला पुस्तकावर ठेवला, तो सरांनी उचलून, रुमालाने पुस्तक पुसून मग घास घेतला होता. ताटात शीत राहू दिलं नव्हतं.

श्रेयस म्हणाला, "मॅडम, रागावू नका, पण खोल्यांच्या जादा चाव्या कोणाकडे असतात? फाटकाची चावी कोणाकडे?"

"माझ्याकडे," सगुणाबाई म्हणाल्या. "आणि खोलीची चावी ताई ओटीवरच्या खिळ्याला लावून गेली होती. तो खिळा तुझ्या नाकासमोर हाय बघ. जादा चावीची गरज आंधळ्याला."

अमिषा हसली.

"मी चोर न्हाय हे मी सांगायचं न्हाय, ते दिसायला पायजे. माझ्या घरातून गेली, मीच काढून देईन. दहाच्या आत. तवर फाटकाबाहेर कोणी जायचं न्हाय."

"पोलिसांना बोलावलं तर?" लेले सरांनी हळूच विचारलं.

"बोलवा. ते पहिलं विचारतील वहीत काय हाय. मग सांगा त्यांना दोनशे बारा नावं."

गौरीने कपाळावर हात दाबला.

सगुणाबाईंनी श्रेयसला माडांखाली नेलं. "तुला वही किती कामाची?"

"खोटं बोलत नाही, मावशी. फार कामाची. पण मला आज दुसरंच काम आहे. नागपूरचे प्राध्यापक येत आहेत, त्यांच्याबरोबर मोठा सर्व्हे करायचा आहे. पहिल्या रांगेत त्यांच्या शेजारची खुर्ची धरून ठेवली आहे मी. बोट लागली का हो मांडव्याला?"

"मला काय ठावं? मी खलाशी हाय?"

अमिषाचं तोंड आधीच रडवेलं होतं. "मॅडमनी मला नावं दिली नाहीत, मी चिडले होते, हे सगळ्यांना माहीत आहे. आजी, तुम्हालाही वाटत असेल मीच."

"मला अजून काही वाटत न्हाय. माणसं किती येणार सांग."

"साठ. बेचाळीस मासे खाणारी, अठरा शाकाहारी. नागपूरच्या सरांसाठी गाडी पाठवली आहे, ड्रायव्हरच्या हातात कालच त्यांच्या नावाची पाटी देऊन." तिने यादी दाखवली. प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण. नागपूरपुढेही.

सगुणाबाईंच्या मनात काहीतरी टोचलं आणि निसटलं. तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला. हिरामण बांबू उतरवत मोठ्याने विचारत होता, "वहिनी, कसली वही गेली म्हणं?"

३

"कांदाभाकरीची," सगुणाबाईंनी तिथूनच उत्तर दिलं. "तू खांब रोव."

त्या ओटीच्या पायरीवर टेकल्या. आणि तिथे, तुळशीच्या कुंडीमागे, त्यांना आमसुलाची पुडी दिसली.

त्यांच्याच हातची पुडी. पाहुण्यांना नागावची आठवण म्हणून त्यांनी पाव किलोच्या मोजून साठ पुड्या बांधल्या होत्या. एकसष्टावी बांधायला आमसूलच उरलं नव्हतं. काल संध्याकाळी अमिषाने एकेका पिशवीत एकेक पुडी घातली, तेव्हा सगुणाबाई शेजारी बसून मोजत होत्या. पुस्तिका, पॅड, पेन, पुडी. साठाला साठ.

मग ही कुठून आली?

कोणीतरी एका पिशवीतून पुडी काढली होती. खायला? कोरडं आमसूल कोण खाणार? विकायला? पाव किलोला किती येतात? मग पुडी काढायची कशाला?

सगुणाबाई उठल्या. पडवीत लांब टेबलावर साठ पिशव्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. त्यांनी पहिली पिशवी उचलली. ठेवली. दुसरी उचलली. उघडून बघायची गरज नव्हती. आठव्या वर्षापासून मिठाच्या पाट्या वाहिलेला हात होता तो. मुकादम काटा मारायचा तेव्हा हा हात आधीच सांगायचा, छटाकभर कमी.

त्या हलकी पिशवी शोधत होत्या. पुडी नसलेली. पाव किलोने हलकी.

पंचवीस झाल्या, चाळीस झाल्या. सगळ्या सारख्या. अमिषा लांबून बघत होती, तिला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. पंचावन्न. छप्पन्न.

सत्तावन्नावी उचलली आणि सगुणाबाई थांबल्या. पुन्हा उचलली. 

हलकी नव्हती. जड होती.

त्यांनी पदराआड पिशवी धरून आत हात घातला. पुस्तिका, पॅड, पेन. पुडी नाही. आणि मधोमध, पुस्तिकेत नीट गुंडाळलेली, कापडी पाठीची लाल वही.

"पोरी," त्यांनी आवाज साधा ठेवून हाक मारली, "या पिशवीवर नाव कोणाचं?"

अमिषाने वाचलं. "नागपूरच्या प्राध्यापकांचं."

४

गौरीला खोलीत घेऊन सगुणाबाईंनी वही तिच्या मांडीवर ठेवली. गौरीने वहीवर कपाळ टेकलं.

"रडायचं नंतर. आधी ऐक. ज्याने वही घेतली त्याने ती लपवली साठ पिशव्यांत. हुशार माणूस. खोल्यांची झडती झाली असती, पिशव्यांत कोण बघणार? पण नागपूरचीच का?"

"ते त्याचे साथीदार असतील. त्यांना पोचवायची असेल."

"मग ते येऊन, उघडून, सगळ्यांसमोर लाल वही हातात धरतील? त्यांना कोणी आधी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. पण मला दुसरंच वाटतं. तुमच्या परिषदेत न आलेल्या माणसाची पिशवी कोण नेतं?"

गौरीने डोळे पुसले. "कोणीतरी ओळखीचा नेतो. पोचती करतो. नेहमीचंच आहे ते." मग ती सावकाश म्हणाली, "म्हणजे ज्याला माहीत आहे की ते येणार नाहीत..."

"आता बघ. अमिषाने गाडी पाठवलीय. श्रेयसने खुर्ची धरलीय, बोट लागली का म्हणून जीव टाकतोय. या दोघांच्या लेखी नागपूरकर येतायत. येणाऱ्याच्या पिशवीत चोरीचा माल कोण टाकील?"

गौरीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत एक नाव आलं आणि तिने ते झटकलं. "शक्य नाही. त्यांनी मला शिकवलं आहे."

"मलाही पटत न्हाय. म्हणून खात्री करायची."

सकाळपासून टोचत होतं ते आता सापडलं होतं. सगुणाबाई तरातरा स्वयंपाकघरात गेल्या.

"कल्पिता, सकाळी शाकाहारी ताट एक कमी झालं म्हणालीस. ते तुला कोणी सांगितलं गो? अमिषा तर अजून अठराच म्हणते."

कल्पिताने किसणी बाजूला ठेवली. "तुम्ही मला मघाशी विचारलंच नाहीत. वही गेल्यापासून घरात सगळ्यांना सगळं विचारून झालं. मला कोणी काही विचारलं?"

सगुणाबाईंनी मान खाली घातली. असं वर्षातून एकदा व्हायचं.

"आता विचारते. कोण आलं होतं?"

"पावणेसातच्या आधी. कोरा चहा मागायला दारात आले. म्हणाले, नागपूरचे पाहुणे येत नाहीत, मला फोन आला होता, उगीच अन्न टाकायला नको, एक पान कमी करा. खूप चांगला माणूस, आई. पेला स्वतः विसळून ठेवला."

सगुणाबाई पाटावर टेकल्या. घरात चोरी करणारा माणूस, आणि ताटातलं अन्न वाया जाऊ नये म्हणून सांगायला आला. वही चोरली, पण आमसुलाचा डाग वहीला लागू नये म्हणून पुडी बाहेर काढून ठेवली. असा चोर त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

त्या उठल्या आणि फळीवरून सुकटीचा डबा काढला.

"आई, सुकट कशाला?"

"वहीच्या वजनाची पायजे," सगुणाबाई वर्तमानपत्रात सुकट बांधत म्हणाल्या.

५

दहाला वाडी गजबजली. बस आली, खुर्च्या भरल्या, आवाज वाढले. गौरी मांडवात उभी होती, ताठ, पण हात एकमेकांत घट्ट. ड्रायव्हर पाटी काखेत मारून एकटाच परतला.

"नागपूरचे सर आलेच नाहीत," अमिषा म्हणाली. श्रेयसने शेजारच्या खुर्चीकडे बघून कपाळावर हात मारला.

पिशव्या वाटून झाल्या. टेबलावर एकच उरली.

"ती माझ्याकडे द्या," लेले सर शांतपणे म्हणाले. "पुढच्या आठवड्यात नागपूरला जायचंच आहे मला. पोचती करीन."

त्यांनी पिशवी घेतली आणि छातीशी धरली. मग त्यांचं नाक आकसलं. आजन्म शाकाहारी माणसाचं नाक. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग वर. समोर सगुणाबाई उभ्या होत्या, हातात आमसुलाची पुडी.

"सर, ही तुमची राहिली. आत चला, चहा घ्या. कोरा."

स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिघंच बसले. साठ माणसांसमोर सगुणाबाई हे करणार नव्हत्या. गौरीने दार लावलं.

"सर, का?" ती एवढंच म्हणाली.

लेले सरांनी चष्मा काढला.

"माझ्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण तुला पाठ आहे. श्रीवर्धनजवळच्या गावातली आदर्श महिला सरपंच. स्वतंत्र, निर्भय. वीस वर्षं मुलं ते वाचून पास होतात. ती माझी बायको, गोदावरी. मी नाव बदललं होतं. मला वर्षापूर्वी कळलं, तू तिलाही भेटली होतीस."

"तुमची बायको तुम्हाला म्हणाली?"

"नाही. तुझं कार्ड तिच्या पोथीत सापडलं. तेव्हापासून मला झोप नाही. तिने तुला काय सांगितलं असेल? तिची भाषणं मी लिहायचो. ठराव मी लिहायचो. मी समजत होतो की मी मदत करतोय."

"वही उघडलीत?" सगुणाबाईंनी विचारलं.

"तिचा नंबर बघितला. एकशे बारा. दुसरं एकही नाव वाचलं नाही, शपथेवर सांगतो. पुस्तिका हातातच होती. पान उलटायचं होतं फक्त." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "नाही उलटलं. घरी जाऊन उलटीन म्हणालो. तिचं नाव पुन्हा त्या खोलीत ठेवायचा धीर झाला नाही, म्हणून वहीच नेत होतो."

सगुणाबाईंनी आयुष्यात पुष्कळांना सुनावलं होतं. या माणसाला सुनावताना त्यांचा आवाज चढला नाही.

"सर, ती बाई रोज तुमच्या पानात वाढते. तिला विचारायचं सोडून तुम्ही श्रीवर्धनहून नागावला येऊन चोरी केलीत."

गौरी त्यांच्यासमोर बसली. "काकूंनी मला तेव्हा एक सांगितलं होतं. माझ्या नवऱ्याने कधी विचारलं तर मी त्यांना सगळं सांगेन, म्हणाल्या. ते विचारत नाहीत, म्हणून तुला सांगते."

बाहेर मांडवात माईक कुरकुरला. अमिषा गौरीला शोधत होती. लेले सर उठले. "अध्यक्ष म्हणून दुसऱ्या कोणाला तरी बसव. प्रकृती बरी नाही म्हण. आणि सर्वांना मी स्वतः पत्र लिहीन, काय केलं ते. त्या बायकांचा अपराधी आहे मी." दाराशी थांबून त्यांनी फोन काढला. सुपारीच्या झाडांमधून चालत ते विहिरीपर्यंत गेले. फोन कानाला लावलेला. बोलणं ऐकू येत नव्हतं. बराच वेळ ते बोललेच नाहीत, नुसते ऐकत होते.

मांडवात गौरीचं भाषण सुरू झालं. वहीला आता जागा नवी होती, सगुणाबाईंच्या मिठाच्या रांजणात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. त्या रांजणात हात घालायची घरात कोणाची टाप नव्हती.

६

तीनला पाहुण्यांची जेवणं उरकली. हिरामण शेवटी बसला, घामाने भिजलेला, मांडवाची दोरी अजून खांद्यावर. सगुणाबाईंनी त्याच्या ताटात कोळंबीचं कालवण वाढलं आणि पळी हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या.

वही सापडली होती. दुसऱ्या कोणाच्या हाती गेली नव्हती. सत्तेचाळीस नंबर आता रांजणात सुखरूप होता, आणि त्यांनी गप्प बसायला काहीच हरकत नव्हती. पण सकाळी एका म्हाताऱ्या माणसाला त्या जे बोलल्या होत्या, ते दिवसभर त्यांच्याच कानात वाजत होतं.

"हिरामण."

"हं."

"बारा वर्षांमागलं ते पाचवं मत माझं होतं."

हिरामणचा घास हातात राहिला. तो त्यांच्याकडे बघत राहिला, जसं काही वहिनी दुसऱ्या मुलुखाची भाषा बोलत होत्या.

"रंगूचं न्हाय?"

"न्हाय. रंगूने तुलाच दिलं होतं. मी न्हाय दिलं. खुर्ची माझी होती, मला ती माझीच ठेवायची होती. तुला तेव्हा सांगायला पायजे होतं. भ्याले."

"तू? भ्यालीस?"

"व्हय."

हिरामणने घास ताटात ठेवला. हात तसाच खरकटा घेऊन तो उठला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. कल्पिता धावत दारात आली.

"आई, काका ताट सोडून गेले. तुम्ही काय बोललात त्यांना?"

सगुणाबाई खिडकीशी गेल्या. वाडीच्या टोकाला वाट फुटत होती. डावीकडे हिरामणचं घर. उजवीकडे किनारा, होड्या, आणि होड्यांच्या पलीकडे रंगूचं घर. हिरामण फाट्याशी थांबला. खरकटा हात शर्टाला पुसला. मग उजवीकडे वळला, आणि चालायचा तो पळायला लागला.

सगुणाबाई खिडकीपासून वळल्या.

"त्याचं ताट झाकून ठेव. आणि आणखी एक वाढ," त्या सुनेला म्हणाल्या. "कालवण तळातलं घे, वरचा तवंग नको. रंगूला तिखट सोसत न्हाय."